अनिष्टशंका : वत्सल रसाची दुसरी बाजू आणि पालकांची मनोव्यथा

१.

वत्सल रसाला स्वतंत्र स्थान देताना चौदाव्या शतकातील विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त त्याची जी सामग्री सांगितली, ती आज पुन्हा वाचण्यासारखी आहे. अपत्याविषयीचा स्नेह हा स्थायी भाव, अपत्य हे आलंबन, त्याच्या चेष्टा, विद्या, शौर्य ही उद्दीपने, आणि आलिंगन, अंगस्पर्श, मस्तकाचे चुंबन, आनंदाश्रू हे अनुभाव. इथवर सारे परिचित आहे. परंतु संचारी भावांची नावे घेताना विश्वनाथ हर्ष आणि गर्व यांच्याही आधी ‘अनिष्टशंका’ हा भाव नोंदवतो. मुलाचे काही वाईट तर होणार नाही ना, ही धास्ती. वात्सल्याच्या यादीत भीतीला पहिले स्थान मिळावे ही लहान गोष्ट नाही.

मराठी समीक्षेने वत्सल रसाच्या स्वतंत्र अस्तित्वाची चर्चा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुष्कळ केली. तो रस मानावा की भाव, भक्तीशी त्याचे नाते कोणते, हे प्रश्न त्या चर्चेच्या केंद्रस्थानी होते. अनिष्टशंकेकडे मात्र तिचे फारसे लक्ष गेले नाही. संचारी भाव येतो आणि जातो, तो स्थायी भावाला पुष्ट करून विरून जातो, या सिद्धान्तामुळे पालकाच्या धास्तीलाही वात्सल्याची शोभा वाढवणारी क्षणिक लहर एवढेच महत्त्व मिळाले. ही लहर ओसरलीच नाही तर काय? संचारी भाव वर्षानुवर्षे मुक्कामाला राहिला, त्याने स्थायी भावाचीच जागा व्यापली, तर त्या अनुभवाला आपण वात्सल्य म्हणणार की आणखी काही?

प्रस्तुत लेखाचा विषय हा प्रश्न आहे. अपत्यसंगोपनाचा पालकांच्या मानसिक स्वास्थ्यावर होणारा परिणाम हा मानसशास्त्राचा विषय मानला जातो, आणि ते योग्यच आहे. तथापि, त्या परिणामाला भाषा कोणी दिली, कोणत्या साहित्यप्रकाराने दिली आणि समीक्षेने ती ऐकली का, हे साहित्याभ्यासाचे प्रश्न आहेत. येथे प्रामुख्याने मराठीतील तीन नाटके आणि दिल्लीत अध्यापन केलेल्या एका हिंदी लेखिकेची कादंबरी यांचा विचार केला आहे. दिल्लीचा संदर्भ केवळ स्थळापुरता नाही. या कादंबरीच्या शेवटाविषयीचा वाद दिल्लीच्या न्यायालयात गेला, आणि मराठी रंगभूमीने विचारलेल्या एका प्रश्नाला पुढे दिल्लीतच कायद्याचे रूप मिळाले. हे दोन्ही प्रसंग संहितांच्या वाचनाला उपकारक ठरतात.

२.

आधुनिक मराठीतील मातृत्वाची सर्वांत प्रभावी प्रतिमा साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ने घडवली. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले हे पुस्तक १९३५ मध्ये प्रकाशित झाले, आणि १९५३च्या आचार्य अत्रे यांच्या चित्रपटाने ती प्रतिमा घरोघर पोहोचवली. या पुस्तकात आईच्या मनोव्यथेची सामग्री विपुल आहे. ओसरत गेलेली सुस्थिती, सावकाराच्या माणसाकडून होणारा अपमान, आजारपण, आणि मुलांच्या भवितव्याचा घोर हे सारे तेथे आहे. परंतु कथनकेंद्र मुलाच्या ठायी आहे. श्याम सांगतो आणि आश्रमातील मुले ऐकतात. त्यामुळे आईचे प्रत्येक दुःख कथनाच्या ओघात संस्कारात रूपांतरित होते. ती रडली यापेक्षा तिच्या रडण्यातून श्याम काय शिकला, याला महत्त्व येते.

यात लेखकाचा दोष काढण्याचे कारण नाही. कृतज्ञतेच्या कथनाची ती अंगभूत रचना आहे. तिचा दूरगामी परिणाम मात्र असा झाला की आईच्या थकव्याला स्वतःचा अर्थ उरला नाही. तो सदैव कोणाच्या तरी घडण्याची किंमत म्हणून वाचला गेला. किंमत मोजणारी व्यक्ती किमतीविषयी काय म्हणते, हे ऐकण्यासाठी कथनकेंद्र हलणे आवश्यक होते.

मराठीत ते ठळकपणे हलले रंगभूमीवर. नाटकात निवेदक नसतो, निदान त्याची गरज नसते. तेथे आई आणि वडील एकमेकांशी बोलतात, आणि मुलासमोर किंवा जगासमोर उच्चारता येणार नाही ते एकमेकांसमोर उच्चारता येते. बंद खोलीचे मराठी वास्तववादी नाटक या दृष्टीने पालकांच्या मनोव्यथेला विशेष अनुकूल ठरले.

३.

जयवंत दळवी (१९२५–१९९४) यांची दोन नाटके एकत्र वाचली की ही गोष्ट स्पष्ट होते. ‘संध्याछाया’ हे १९७०च्या दशकातील नाटक. त्यातील नाना आणि नानी यांची मुले वाढवून झाली आहेत. थोरला परदेशात आहे, धाकटा हवाई दलात. वाट पाहणे हा दोघांचा दिनक्रम आहे. धाकट्याचा मृत्यू होतो तेव्हा प्रेक्षकाला परिचित असलेला शोक रंगभूमीवर येतो. तो करुण रसाच्या चौकटीत बसतो. थोरल्याची अनुपस्थिती मात्र त्या चौकटीत बसत नाही. तो जिवंत आहे, सुखी आहे, पत्र लिहितो. त्याच्यासाठी शोक करता येत नाही आणि त्याच्याविषयीची ओढ शमतही नाही. एकाच घरात दोन मुलांविषयीचे दोन भाव दळवींनी शेजारी ठेवले आहेत. एका भावाला परंपरेने नाव दिले आहे, दुसऱ्याला नाही. नाना-नानी ज्या टोकाच्या निर्णयापाशी पोहोचतात, त्याला या निनावी भावाचाही मोठा भार कारण आहे, असे माझे वाचन आहे.

‘नातीगोती’ हे १९९०च्या आसपास रंगभूमीवर आलेले नाटक या निनावी भावाला थेट भिडते. दिलीप प्रभावळकर यांनी साकारलेला काटदरे आणि अतुल परचुरे यांनी साकारलेला बच्चू मराठी प्रेक्षकांच्या स्मरणात आहेत. बच्चूच्या शरीराची वाढ होत आहे, बुद्धीची नाही. त्या काळी रूढ असलेला ‘मतिमंद’ हा शब्द आज मागे पडला असून ‘बौद्धिक दिव्यांगत्व’ अशी परिभाषा आली आहे. नाटकाचे बळ मुलाच्या अवस्थेच्या चित्रणापेक्षा आई-वडिलांच्या अवस्थेच्या चित्रणात आहे. नोकऱ्या सांभाळून मुलाकडे पाहण्याची रोजची कसरत, वयात येणाऱ्या मुलाच्या शरीराविषयीचा संकोच, शेजारपाजारच्या नजरा, आणि या सगळ्यातून नवरा-बायकोच्या नात्यात साचत जाणारा कडवटपणा दळवी कोणत्याही उदात्तीकरणाविना दाखवतात. आपल्या मुलावर माया करणारी माणसे आपल्या मुलाला कंटाळू शकतात, आणि या दोन गोष्टी एकाच माणसात एकाच वेळी असू शकतात, हे मराठी रंगभूमीने येथे निःसंदिग्धपणे मान्य केले.

या नाटकाचा गाभा एका प्रश्नात आहे : आमच्यानंतर याचे काय? विश्वनाथाची अनिष्टशंका हीच. परंतु येथे तिचे काळाशी असलेले नाते बदलले आहे. सामान्यतः मूल मोठे होते तशी धास्ती कमी होते. पहिले पाऊल, पहिली शाळा, पहिली नोकरी अशा टप्प्यांवर ती थोडी थोडी ओसरत जाते. बच्चूच्या बाबतीत प्रत्येक वाढदिवसाला ती वाढते, कारण मुलाचे वय वाढते तसे आई-वडिलांचेही वाढते. संचारी भाव स्थायी होणे म्हणजे काय, हे याहून नेमके दाखवणारी मराठी संहिता मला आठवत नाही.

हा प्रश्न केवळ नाट्यगृहात राहिला नाही. दिल्लीत १९९१ मध्ये स्वमग्न मुलाची आई असलेल्या मेरी बरुआ यांच्या पुढाकाराने ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था सुरू झाली. देशभरच्या पालकसंघटनांनीही याच सुमारास मुलांच्या भवितव्याचा प्रश्न सार्वजनिक पातळीवर लावून धरला. १९९५च्या अपंग व्यक्तींविषयीच्या अधिनियमात स्वमग्नतेचा समावेश नव्हता. १९९९ मध्ये संसदेने स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व व बहुविकलांगत्व असलेल्या व्यक्तींसाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम संमत केला. आई-वडिलांच्या किंवा पालकाच्या मृत्यूनंतर या व्यक्तींची काळजी व संरक्षण, हे या अधिनियमाच्या उद्दिष्टांत स्पष्ट शब्दांत नमूद आहे, आणि कायदेशीर पालक नेमण्याची तरतूदही त्यात आहे. नाटकाने कायदा घडवला असा दावा येथे नाही. लक्षात घेण्यासारखे आहे ते एवढेच, की नाटक आणि कायदा या दोन्ही संहिता एकाच धास्तीतून जन्मल्या. समीक्षेने जिला वात्सल्याची छटा मानले, तिच्यावर कायद्याला कलमे लिहावी लागली.

या ठिकाणी एक सावधगिरी आवश्यक आहे. पालकांच्या व्यथेचे वाचन करताना मूल केवळ ‘कारण’ बनते. रसशास्त्राच्या भाषेत ते आलंबन असते, आणि आलंबनाला स्वतःचे अंतरंग असण्याची गरज नसते. बच्चूला नाटकात देह आहे, आवाज आहे, परंतु त्याचे स्वतःविषयीचे म्हणणे नाही. आई-वडिलांना बोलते करणाऱ्या नाटकाने मुलाला मुके ठेवले, ही मर्यादा मान्य करूनच त्याचे श्रेय त्याला दिले पाहिजे.

४.

विश्वनाथाच्या यादीतील उरलेले दोन भाव, हर्ष आणि गर्व, विजय तेंडुलकरांच्या ‘कन्यादान’ (१९८३) या नाटकात वेगळ्याच रीतीने येतात. नाथ देवळालीकर हा समाजवादी कार्यकर्ता आहे. मुलांना त्याने लोकशाही मूल्यांत वाढवले आहे. ज्योती दलित कवी अरुण आठवले याच्याशी लग्न करण्याचा विचार बोलून दाखवते तेव्हा नाथला होणारा आनंद केवळ बापाचा नाही. आपण दिलेल्या शिकवणुकीला फळ आले याचा तो अभिमान आहे. आई सेवा हिला मात्र धास्ती वाटते. एका कुटुंबात संचारी भावांची अशी वाटणी झाली आहे : हर्ष आणि गर्व बापाकडे, अनिष्टशंका आईकडे. आईची शंका संकुचित ठरते, बापाचा गर्व पुरोगामी.

नाटकाच्या उत्तरार्धात ही वाटणी कोसळते. ज्योतीच्या वाट्याला आलेली मारहाण आणि अवहेलना समजल्यावर नाथच्या मनाचे जे होते, ते केवळ मुलीविषयीचे दुःख नाही. आपण तिला जे दिले त्यानेच तिला परत फिरण्याची वाट बंद केली, हे त्याला मुलीच्याच तोंडून ऐकावे लागते. येथे पालकाचे मन मोडते ते मुलाच्या बिघडण्याने नव्हे, तर मूल शिकवणुकीला प्रामाणिक राहिल्याने. संगोपनाच्या यशातून आलेली ही मनोव्यथा भारतीय साहित्यात विरळा आहे.

‘कन्यादान’वर दलित समीक्षकांनी घेतलेले आक्षेप सुविदित आहेत आणि प्रस्तुत वाचन त्यांना पुष्टीच देते. नाथ आणि सेवा यांच्या मनोव्यथेला नाटकात घर, खोली आणि संवाद मिळतात. अरुणच्या आई-वडिलांची व्यथा त्याच्या बोलण्यात तेवढी येते, ती माणसे रंगभूमीवर येत नाहीत. खचून जाण्यासाठीही अवकाश लागतो, आणि तो कोणाला मिळतो हे जातिवर्गाने ठरते.

ही उणीव कोठे भरून निघते, असे विचारल्यास उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’ (२००३) या आत्मकथनाकडे वळावे लागते. वडिलांच्या मृत्यूनंतर मुले वाढवणारी आई तेथे बांबूची आयदाने विणते. तिची काळजी शब्दांत येत नाही, हातांत येते. आईचे विणणे आणि आपले लिहिणे यांची वीण एकच असून ती वेदनेची आहे, असे लेखिकेने म्हटले आहे. पुढे तरुण मुलाच्या मृत्यूला सामोरे जाताना लेखिका स्वतः त्या विणीचा भाग होते. भरताच्या तेहतीस व्यभिचारी भावांत ‘श्रम’ आणि ‘ग्लानी’ आहेत, ‘चिंता’ आणि ‘विषाद’ आहेत. वत्सल रसाच्या संदर्भात मात्र विश्वनाथाने त्यांची नावे घेतली नाहीत. ‘आयदान’ वाचल्यावर ती यादी राजगृहाच्या अंगणात उभे राहून केली असावी, असे वाटते. हाताला विसावा नसलेल्या आईच्या वात्सल्यात श्रम हा पहिला भाव आहे.

५.

मराठीत हा अनुभव दोन पालकांच्या संवादातून व्यक्त झाला. हिंदीत त्याची एक महत्त्वाची अभिव्यक्ती एकट्या आईच्या मनात घडते. मन्नू भंडारी (१९३१–२०२१) दिल्लीच्या मिरांडा हाउस महाविद्यालयात दीर्घकाळ अध्यापन करीत होत्या. त्यांची ‘आपका बंटी’ ही कादंबरी मुंबईच्या ‘धर्मयुग’ साप्ताहिकातून क्रमशः आली आणि १९७१ मध्ये पुस्तकरूपाने प्रकाशित झाली. विभक्त आई-वडिलांच्या मुलाची कथा म्हणून तिची ख्याती आहे, आणि शीर्षकही त्या वाचनाला दुजोरा देते. परंतु बंटीच्या नजरेआडून शकुनचे मन सतत वाचकासमोर येत राहते. प्राचार्य असलेली ही स्त्री मुलात आपला आधार शोधते, अजयविरुद्धच्या मूक लढ्यात त्याला नकळत शस्त्रासारखे वापरते, डॉ. जोशींशी नवे सहजीवन सुरू करताना त्याच्यापुढे अपराधी होते, आणि या अपराधी भावनेचा राग पुन्हा त्याच्यावरच काढते. शकुनजवळ नाथसारखे व्यासपीठ नाही, काटदरेसारखा जोडीदारही नाही. तिचा संवाद स्वतःशी आहे, म्हणून तो कादंबरीतच शक्य होता.

शकुनच्या या अपराधभावाला रसशास्त्रात नेमके नाव नाही. तेहतीस भावांतील ‘व्रीडा’ पश्चात्तापाच्या अंगाने त्याच्या जवळ जाते, पण व्रीडेला पाहणारा दुसरा लागतो. कोणी पाहत नसतानाही आपण आई म्हणून उणे पडलो ही जी टोचणी आहे, ती आधुनिक, एकट्या पडलेल्या पालकत्वाची निर्मिती आहे. हे नाव नसणे शास्त्राची चूक नव्हे, ती काळाची खूण आहे.

या कादंबरीवर ‘समय की धारा’ हा चित्रपट निघाला तेव्हा विपर्यासाची तक्रार घेऊन लेखिका न्यायालयात गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयाचा १९८६चा निर्णय कॉपीराइट अधिनियमाच्या कलम ५७ खालील लेखकाच्या नैतिक हक्काविषयीचा महत्त्वाचा निर्णय मानला जातो. विधिज्ञांनी त्याची पुष्कळ चर्चा केली आहे. साहित्याभ्यासकांसाठी त्यातील एक मुद्दा विशेष मोलाचा आहे, तो शेवटाचा. चित्रपटात बंटी मरण पावतो. कादंबरीत तो मरत नाही, वसतिगृहाच्या वाटेला लागतो. हा फरक केवळ कथानकाचा नाही, रसाचा आहे. मूल मेले की पालकाची धास्ती संपते. तिचा शोक होतो, शोकाचा करुण रस होतो, आणि प्रेक्षक डोळे पुसून घरी जातो. मूल जिवंत राहिले, दूर गेले, त्याच्या मनात काय चालले आहे ते कळेनासे झाले, तर अनिष्टशंकेला अंत राहत नाही. मन्नू भंडारींनी वाचकाला अश्रूंची सुटका नाकारली होती. चित्रपटाने ती देऊ केली. लेखिकेचा लढा अखेर या नकारासाठी होता, असे म्हणता येईल. ‘संध्याछाये’तील दोन मुलांमध्ये दळवींनी जो भेद केला, तोच भेद येथे दोन माध्यमांमध्ये पडलेला दिसतो.

६.

साहित्याने जे अंतरंगातून मांडले, त्याला वैद्यकीय संशोधनाने बाहेरून दुजोरा दिला आहे. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातील मातांविषयी केलेला अभ्यास २००२ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ सायकिॲट्री’त प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी पाहणी केलेल्या मातांपैकी सुमारे २३ टक्के मातांत नैराश्य आढळले. आर्थिक विपन्नता आणि वैवाहिक संबंधांतील ताण यांच्या जोडीला मुलगी जन्मणे हाही जोखमीचा घटक ठरला. हा निष्कर्ष समीक्षेलाही जागे करणारा आहे. आईचे नैराश्य तिच्या शरीरात उद्भवते, परंतु त्याची मुळे अर्भकाकडे पाहणाऱ्या समाजाच्या नजरेतही असतात. रसाच्या भाषेत सांगायचे तर आलंबन आणि आश्रय यांच्यामध्ये एक तिसरा सदैव उभा आहे, ज्याचा शास्त्राने विचार केला नाही.

याच विषयाला भिडणारी जेरी पिंटो यांची ‘एम अँड द बिग हूम’ ही इंग्रजी कादंबरी २०१२ मध्ये प्रकाशित झाली, तिला २०१६चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि शांता गोखले यांच्या अनुवादामुळे ती मराठीतही आली. माहीमच्या लहानशा घरातील गोवन ख्रिस्ती कुटुंबाची ही कथा आहे. येथेही निवेदक मुलगाच आहे, श्यामसारखा. परंतु आईच्या मनोविकाराची सुरुवात आपल्या जन्मानंतर झाली, हे ज्ञान घेऊन तो वाढला आहे. श्याम आईच्या दुःखातून घडतो. हा निवेदक आईच्या दुःखाला आपण कारण झालो का, असे विचारतो. ‘श्यामची आई’पासून या कादंबरीपर्यंत कथनकेंद्र हलून पुन्हा मुलापाशी आले आहे, पण मधल्या काळात पालक बोलले होते, म्हणून मुलाच्या ऐकण्यात फरक पडला आहे. कृतज्ञतेची जागा जाणिवेने घेतली आहे.

७.

मराठी बोलीत या अनुभवाला शब्दांची वाण कधीच नव्हती. जिवाला घोर लागणे, जीव टांगणीला लागणे, आतडे पिळवटणे, काळजाचे पाणी होणे हे सारे वाक्प्रचार व्यथेला देहात ठेवतात, मनात नव्हे. कोणी याला मानसशास्त्रीय परिभाषेचा अभाव म्हणेल. मला ती वेगळी नोंद वाटते. पालकाचे दुखणे थकलेल्या अंगात, न आलेल्या झोपेत, थरथरत्या हातात राहते, हे भाषेला आधीच ठाऊक होते. ‘आयदान’मधील आईचे हात त्याचीच साक्ष आहेत. भाषेजवळ शब्द होते आणि शास्त्राजवळ यादी होती. उणीव होती ती ऐकण्याची. वात्सल्य या उदात्त शब्दाने आपण हे सारे आवाज एका सुरात बसवले.

विश्वनाथाने अनिष्टशंकेचे नाव पहिले घेतले होते. त्याच्या यादीचा क्रम गांभीर्याने घेतला, तर वत्सल रसाची पुनर्मांडणी संचारी भावांकडून करावी लागेल. अनिष्टशंका, श्रम, ग्लानी आणि ज्याला अजून नाव नाही तो अपराधभाव हे वात्सल्याचे विरोधी भाव नव्हेत. ते त्याचे घटक आहेत, आणि कधीकधी त्याचे निवासस्थानही. काटदरे बच्चूवर माया करतो म्हणूनच त्याला झोप लागत नाही. ही माया थकली असे म्हणण्याने ती कमी होत नाही. ती थकते हे मान्य करणारी समीक्षा मात्र अधिक सत्याजवळ जाईल.